मेंटेनर म्हणजे मास्तर नव्हे

पोरी, विष्णुपुरीच्या एसजीजीएसमधून बाहेरच्या ओपन सोर्स प्रकल्पांना कोड पाठवायला लागलीस, छान झालं. आता आत्याचं ऐक. आधी ते ‘सॉरी सर’ बंद कर. नांदेड-लातूरकडच्या लेकरांची ही जुनी खोड आहे. पुल रिक्वेस्टवर, म्हणजे पाठवलेल्या कोडवर, कुणी खेकसलं की माफी मागायची आणि पुन्हा तिकडे फिरकायचं नाही. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, तुझे मार्क देत नाही. बहुतेक वेळा तोही फुकटच राबतो.

पण बोलणं कशावर आहे, ते आधी बघ. ‘टेस्ट नाहीत, परत लिही’ हे कितीही कोरडं वाटलं तरी कामावर आहे. मुकाट्याने दुरुस्त कर. ‘तुम्हा भारतीयांना कुठे काय येतं’ हे तुझ्यावर आहे, ते ऐकून घ्यायचं नाही. मेंटेनरांच्या वैतागाला कारणही आहे म्हणा. ऑक्टोबर 2020 मध्ये हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स उपक्रमाच्या टी-शर्टापायी रीडमीत एखादा शब्द घुसडून ढिगाने पुल रिक्वेस्टी टाकल्या गेल्या, त्यात आपल्याकडची पोरंही होती. शेवटी आयोजकांनी नियम बदलला: जो प्रकल्प स्वतः हो म्हणेल, तेवढाच त्यात. त्या पंगतीत तू बसू नकोस.

अपमान झालाच, तर उत्तर लिहिण्याआधी पुरावा जप. गिटहबवरची कॉमेंट नंतर बदलता येते, पुसताही येते. पण नोटिफिकेशनचा जो ईमेल तुला आला, त्यात मूळ शब्द तसेच असतात. तो डिलीट करू नकोस. स्क्रीनशॉट, लिंक, तारीख, सगळं एका जागी ठेव.

खरं तर पहिली ओळ पाठवण्याआधीच प्रकल्पाची ‘कोड ऑफ कंडक्ट’ म्हणजे आचारसंहितेची फाइल उघडून बघावी. बऱ्याच प्रकल्पांनी कॉन्ट्रिब्युटर कोव्हेनंट हा 2014 पासून चालत आलेला मसुदा चिकटवलेला असतो. तक्रारीच्या पत्त्याच्या जागी चौकटी कंसात ‘इन्सर्ट कॉन्टॅक्ट मेथड’ तसंच राहिलेलं दिसलं, तर ती फाइल लावणाऱ्यानेही वाचलेली नाही असं समज. पत्ता ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचाच असेल, तर प्रकल्पामागची संस्था कोणती ते शोध. मराठी विकिपीडियावर लिहितेस, तिथे विकिमीडियाची 2021 ची आचारसंहिता लागू आहे.

तक्रार छोटी लिही: काय झालं, कुठे, कुणी पाहिलं, तुला काय हवंय. ‘काय हवंय’ हेच लोक विसरतात. समज, ताकीद, काही काळ बंदी, कायमची बंदी, अशा पायऱ्या कॉन्ट्रिब्युटर कोव्हेनंट मसुद्याच्या नव्या आवृत्त्यांतच आहेत. मोठ्या नावाला कोण जाब विचारतो, असंही म्हणू नकोस. सप्टेंबर 2018 मध्ये खुद्द लिनक्सकर्त्या लिनस टोरवाल्ड्सने आपल्या उर्मट बोलण्याची जाहीर माफी मागून काही आठवडे रजा घेतली, आणि लिनक्स कर्नलने त्याच वेळी हाच मसुदा स्वीकारला.

उलट बाजूही बघ. दमलेल्या मेंटेनरला चौघं टोचत असतील, तर तू पाचवी होऊ नकोस. 2022 मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या मेंटेनरला असंच टोचून टोचून नवा साथीदार घ्यायला लावलं. 2024 मध्ये त्याच साथीदाराने त्यात घुसवलेलं चोरदार (बॅकडोअर) सापडलं.

आणि खासगीत घाण मेसेज, धमक्या आल्या, तर ते प्रकल्पात तक्रारी बघणाऱ्यांचं काम नव्हे. ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घे आणि सरळ सायबर पोलिसांकडे जा. एकटी जाऊ नकोस, मला फोन कर. घरच्यांना मी समजावते.