काकवीचा आकडा कोणता?

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

२०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या गावातल्या चार गुऱ्हाळवाल्यांनी मिळून थोडा गूळ आणि काकवीच्या काही बाटल्या दुबईला पाठवायचे ठरवले. माझे वडील त्यांच्यापैकी एकाकडे गुळव्या आहेत. काहिलीतल्या रसाचा रंग आणि फेस पाहून ती चुलवाणावरून केव्हा उतरवायची, हे त्यांनी सांगायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. मात्र त्यांची अक्षरओळख बेताची, म्हणून परदेशी पाठवायच्या मालाचे कागद वाचायचे काम माझ्याकडे आले. काकवीच्या नावापुढे कागद करणाऱ्या गृहस्थांनी १७०३ असा आकडा घातला होता. "ह्यो कसला आकडा?" वडिलांनी विचारले. मी तेव्हा प्रथम वर्षात होतो. तुलनात्मक खर्चाचा सिद्धांत मला तोंडपाठ होता, पण ह्या आकड्याचा अर्थ सांगता आला नाही. पुढे सरांना विचारून आणि ग्रंथालयात बसून जे समजले, ते येथे मांडतो. विषय रुक्ष आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

कोणत्याही देशाच्या सीमेवर माल आला की पहिला प्रश्न असतो, ही वस्तू कोणती? त्यानंतर तिच्यावर कर किती, हा प्रश्न येतो. प्रत्येक देशाने वस्तूंची आपापली यादी केली, तर एका बंदरात जी वस्तू 'खाद्य' ठरते तीच दुसऱ्या बंदरात 'रसायन' ठरू शकते, आणि दोन देशांच्या व्यापाराचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. ह्यावर तोडगा म्हणून १९५० साली ब्रुसेल्स येथे एका समान यादीचा करार झाला. आपल्याकडे इंग्रजी अमदानीतला १९३४ चा जकात कायदा तेव्हाही चालूच होता. त्याच्या जागी १९७५ चा सीमाशुल्क दर कायदा आला आणि २ ऑगस्ट १९७६ पासून अंमलात आला. त्याची मांडणी ब्रुसेल्सच्या नमुन्याबरहुकूम होती. पुढे १४ जून १९८३ रोजी ब्रुसेल्समध्येच 'हार्मोनाइज्ड सिस्टीम' ह्या नव्या, अधिक तपशीलवार यादीचा करार झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून तो जगात लागू झाला. भारताने मात्र आपले दरपत्रक २८ फेब्रुवारी १९८६ लाच ह्या यादीप्रमाणे बदलून घेतले होते. सरकारी कामात आपण जगाच्या दोन वर्षे पुढे असल्याचे उदाहरण क्वचितच सापडते, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

ह्या यादीत २१ विभाग व ९७ प्रकरणे आहेत. त्यांपैकी ७७ वे प्रकरण भविष्यासाठी रिकामे ठेवले आहे. सुरुवात जिवंत जनावरांपासून आणि शेवट चित्रे व पुराणवस्तूंवर होतो. पहिले दोन आकडे प्रकरणाचे, चार झाले की शीर्षक, सहा झाले की उपशीर्षक. सहा आकड्यांपर्यंत यादी सर्व सभासद देशांत सारखी असते. त्यापुढे प्रत्येक देशाला आपले आकडे जोडण्याची मुभा आहे. भारताने २००३ पासून आणखी दोन आकडे जोडले. आंब्याचे उपशीर्षक साऱ्या जगाचे एकच, पेरूबरोबरचे; पण आपल्या आठ आकडी यादीत हापूसला स्वतंत्र ओळ आहे, केशरला वेगळी, लंगड्याला वेगळी. २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यापासून हेच आकडे देशातल्या बिलांवरही 'एचएसएन' ह्या नावाने दिसू लागले.

वस्तू बदलतात, तशी ही यादीही जागतिक सीमाशुल्क संघटना दर काही वर्षांनी दुरुस्त करते. १ जानेवारी २०२२ च्या दुरुस्तीत स्मार्टफोन, ड्रोन आणि विजेच्या उपकरणांचा कचरा ह्यांना त्यांच्या जागा मिळाल्या. पुढची दुरुस्ती १ जानेवारी २०२८ ची आहे. दर वेळी आपल्या संसदेलाही दरपत्रक बदलावे लागते. बहुधा वित्त विधेयकातच ते उरकते आणि वर्तमानपत्रांत त्यावर ओळही येत नाही.

मला सर्वांत रस वाटला तो २०१२ च्या दुरुस्तीत, कारण तीत गूळ आहे. त्यापूर्वी जगाच्या यादीत गुळाला स्वतंत्र उपशीर्षक नव्हते. उसाच्या कच्च्या साखरेतच त्याची गणना होई. भारताच्या स्वतःच्या आकड्यांत 'केन जॅगरी' होता, पण जगाच्या पातळीवर गूळ किती विकला जातो हे ह्या यादीवरून कळण्यास मार्ग नव्हता. २०१२ साली १७०१ १३ हे उपशीर्षक आले. त्याची व्याख्या अशी: मळीपासून वेगळी करणाऱ्या फिरत्या यंत्रात न घालता तयार केलेली उसाची साखर, जिचा पोलॅरिमीटरचा आकडा ६९ अंश किंवा अधिक, पण ९३ पेक्षा कमी, आणि जिच्यात डोळ्यांना न दिसणारे, अनियमित आकाराचे सूक्ष्म स्फटिक असतात. पोलॅरिमीटर म्हणजे साखरेच्या द्रावणातून प्रकाश सोडून त्यातील शर्करेचे प्रमाण मोजणारे यंत्र. ही व्याख्या मी वडिलांना मराठीत सांगितली. ते म्हणाले, "डोळ्याला दिसत न्हाईत? मग रव्यातली कणी म्हंजे काय?" आमच्याकडे गुळाची प्रत कणीवरूनच ठरते. हा वाद प्रयोगशाळेचा आहे, मी त्यात पडत नाही.

नव्या यादीशी जुळवून घेताना आपल्याकडे मात्र एक गंमत झाली. 'केन जॅगरी' ही ओळ १७०१ १३ खाली घातली गेली आणि तीच ओळ 'इतर उसाची साखर' ह्या १७०१ १४ खालीही घातली गेली. म्हणजे गुळाला स्वतःचे घर मिळाले, पण जुन्या घराच्या दारावरची पाटी तशीच राहिली. माझ्या मते हे जुळवून घेणे अपुरे आहे.

आता काकवी. शीर्षक १७०३ चे शब्द आहेत, साखर काढताना किंवा शुद्ध करताना निघालेली मळी. कारखान्यात साखर काढून घेतल्यावर जे उरते ते हे. आमच्या गुऱ्हाळात 'मळी' म्हणजे भेंडीचे पाणी घातल्यावर वर येणारा आणि झाऱ्याने काढून टाकायचा गाळ. काकवी ह्या दोन्हींपैकी नव्हे. गूळ होण्याच्या थोडे आधी उतरवलेला तो सबंध रसच असतो. त्यातून साखर काढलेलीच नसते. साखरेच्या पाकासाठी १७०२ हे शीर्षक आहे. यादीच्या अर्थाचे जे सहा नियम कायद्यातच दिले आहेत, त्यांतला पहिला सांगतो की शीर्षकाचे शब्द व प्रकरणाच्या टिपा ह्यांवरूनच वर्ग ठरवावा. तसे पाहता काकवी १७०२ मध्येच जावी. इंग्रजीत काकवीला सरसकट 'मोलॅसिस' म्हणायची सवय आहे, तेथेच घोटाळा झाला असावा.

हा शब्दांचा कीस नव्हे. इथेनॉलसाठी मळी देशात राहावी म्हणून सरकारने १८ जानेवारी २०२४ पासून १७०३ वर ५० टक्के निर्यातशुल्क बसवले होते. बाटली शंभराची, तर कर पन्नासाचा!

असे वाद मोठमोठ्यांचेही होतात. लहान बाटलीतले खोबरेल हे खाद्यतेल की केसांचे तेल, ह्यावर २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. डिसेंबर २०२४ मध्ये तीन न्यायमूर्तींनी खाद्यतेलाच्या बाजूने निकाल दिला. केवळ बाटली लहान म्हणून ते केशतेल ठरत नाही, असे सांगितले. माल पाठवण्याआधीच वर्ग ठरवून घेण्यासाठी मुंबई व दिल्ली येथे अग्रिम निर्णय प्राधिकरणही आहे. पण आमच्या चौघांपैकी कोणाला ते ठाऊक नव्हते आणि ठाऊक असते तरी पन्नास बाटल्यांसाठी मुंबईला कोण गेले असते?

शेवटी काकवी परत आणून आठवडी बाजारात विकली. गूळ तेवढा गेला. त्याच्यापुढे १७०१ १४ १० असा आकडा होता. १३ का नाही, असे मी विचारले. "नेहमी हाच घालतो," असे उत्तर मिळाले. पोलॅरिमीटरचा आकडा त्यांच्याजवळ नव्हता, आमच्याजवळही नव्हता.