खोकं माझं, आतला माल त्याचा

आधी एक सांगून मोकळा होतो. कॅसेट अस्सल होती. माझ्या मावसभावाने २००२ साली मस्कतहून आणलेली, आणि तेव्हापासून दुकानातल्या काचेच्या कपाटात ठेवलेली. आमच्या भागातल्या कितीतरी पोरांनी ती पाहिलेली आहे. ती विकत घेणाऱ्या पुण्याच्या एका गृहस्थाने जुन्या गेमच्या ग्रुपवर माझ्याबद्दल जे लिहिलं ते वाचून ज्यांनी मला फोन केले त्यांच्यासाठी हे लिहितोय. माळ्यावरचे जुने गेम विकायला काढणाऱ्यांनीही वाचावं.

कॅसेट पोकेमॉन क्रिस्टलची. गेम बॉय कलरवर चालणारी, निळसर पारदर्शक, आत चमकी असलेली. या गेममध्ये घड्याळ आहे, खरी वेळ बघून दिवसरात्र होते. त्या घड्याळासाठी आत सीआर २०२५ सेल असतो आणि सेव्ह केलेला खेळही त्याच सेलवर तगून राहतो. सेल संपला की सेव्ह गेलं. इतक्या वर्षांत कंपनीचा मूळ सेल टिकत नाही, म्हणून मी तो बदलला होता. पट्ट्या असलेला नवा सेल आणून स्वतः सोल्डर केला आणि त्यावर मार्करने महिना-साल लिहिलं. टीव्ही दुरुस्तीतली जुनी सवय. बदललेल्या पार्टवर तारीख टाकली की गिऱ्हाईक पुढे वाद घालत नाही.

गृहस्थ बोलायला अतिशय गोड. "काका, घरचाच समजा मला." रोज मेसेज. आधी कॅसेटचे बाहेरून फोटो मागितले, मग म्हणाला आतून दाखवा. कॅसेटचा स्क्रू घरातल्या पेचकसाने निघत नाही, त्याला ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो. माझ्याकडे होता. उघडून बोर्डाचे फोटो काढले, निन्टेन्डोचं नाव, चिपांवरचे नंबर, माझ्या अक्षरातला सेल, सगळं दिसेल असे. स्टिकरवर दाबून उमटवलेले बारीक आकडे असतात, ते उजेड तिरपा पाडून दाखवले. ते आकडे त्याने मुद्दाम दोनदा मागितले, तेव्हा वाटलं पोरगा जाणकार आहे.

भावाच्या वेळी मात्र घरचा माणूस परका झाला. "काका, तुम्ही ती बातमी वाचून बसलात, सुपर मारिओ ६४ कोट्यवधींना गेला म्हणून. तो सीलबंद होता." बातमी मला ठाऊक होती. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात तो खेळ १५ लाख ६० हजार डॉलरला गेला. न उघडलेला, ग्रेडिंग झालेला डबा होता तो. त्यानंतर आमच्याकडेही लोक गंजलेले सेट पिशवीत घालून आणायला लागले होते आणि मीच त्यांना समजावून परत पाठवत होतो. मला कोटी नको होते. सात हजार सांगितले, साडेसहावर तुटलं. पैसे आले, स्पीड पोस्टाने पार्सल गेलं.

चार-पाच दिवस शांतता. मग मेसेज, काका गायब, थेट "तुम्ही". "तुम्ही पाठवलेली कॅसेट डुप्लिकेट आहे. सेव्ह होत नाही. पैसे परत करा, नाहीतर ग्रुपवर टाकतो." सोबत उघड्या बोर्डाचा फोटो: मधोमध काळ्या डांबरासारखा थेंब, सेल नाहीच. मी कळवलं, आधी कॅसेट परत पाठवा. पाठवली. मी दुकानात बसून स्टिकरवरचे आकडे माझ्या फोटोशी ताडून पाहिले. जुळले. कव्हरच्या कोपऱ्यावरचा जुना ओरखडाही जुळला. म्हणजे वस्तू माझीच. मग मी पैसे परत केले. यावर कुणी म्हणतं, उघडून पाहायचं होतंत. नंबर जुळल्यावर, ओरखडा जुळल्यावर सभ्य माणूस आणखी काय पाहतो?

संध्याकाळी गेम बॉयला लावली. सुरू झाली. थोडं खेळून सेव्ह केलं, बंद केलं, पुन्हा चालू केलं तर सेव्ह नाही. तरी त्याचा तो फोटो खोटा धरून मी सेललाच दोष देत होतो, सोल्डर सुटलं असेल म्हणून. बिट लावला तेव्हा पाहिलं, स्क्रूच्या डोक्यावर नवे चरे आहेत. मी कधीच चरे पाडत नाही. कव्हर उघडलं. वरचं कव्हर माझं, स्टिकर माझा, स्क्रूसुद्धा माझा, आणि आत शे-दोनशेला मिळणारा तो काळ्या थेंबाचा बोर्ड. आकडे त्याने दोनदा का मागितले होते ते तेव्हा कळलं. मी ताडून पाहणार ते स्टिकर, आणि स्टिकर तर तो परत पाठवणारच होता.

मी माझाच फोटो त्याला पाठवला, सेलवरच्या तारखेसकट. उत्तर आलं, "असे फोटो नेटवर हजार मिळतात." माझं अक्षर नेटवर? मग ब्लॉक. शेजारचा म्हणाला, "जाऊ दे ना भो." जाऊ कसं द्यायचं? पैसे तर त्याला परत मिळालेच, अस्सल बोर्डही त्याच्याकडेच, आणि ग्रुपवर खोटा ठरलो मी. वर त्याने लिहिलं, गावाकडच्या लोकांना यातलं कळत नाही. मी १९९० च्या दशकापासून सामुराई, लिटल मास्टर, मीडिया असे गेमचे सेट उघडून बसवलेत. सटाण्याला देवमामलेदारांच्या यात्रेच्या दिवसांत माझ्या गाळ्यात पोरं उभ्याने कॉन्ट्रा खेळायची. तेव्हा हा गृहस्थ जन्मलाही नसेल.

तर, विकणाऱ्यांनी एवढं करावं. कॅसेट पाठवण्याआधी ती उघडतानाचा, बोर्ड दाखवतानाचा आणि पुन्हा बंद करून पार्सलला चिकटपट्टी लावेपर्यंतचा एकच सलग व्हिडिओ काढा. मध्ये तोडू नका. बोर्डावर, सेलच्या बाजूला, अल्ट्राव्हायोलेट पेनने स्वतःची खूण करा. साध्या उजेडात ती दिसत नाही, नोटा तपासायच्या दिव्याखाली दिसते. स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्या आणि घेणाऱ्याला आधीच लिहून कळवा की ठिपका तुटला तर माल परत घेणार नाही. परत आलेलं पार्सलही व्हिडिओ चालू ठेवून फोडा आणि आतला बोर्ड पाहिल्यावरच पैशाला हात लावा. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे, तरी लोक टाकतात. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करा.

घेणाऱ्यांसाठीही चार गोष्टी. गेम बॉय अॅडव्हान्सच्या पोकेमॉन फायररेड आणि लीफग्रीनमध्ये सेल नसतोच. आत सेल दिसला तर माल बनावट, मग तो कितीही छान चालो. उलट एमराल्डमध्ये सेल असतो, पण फक्त घड्याळासाठी. सेल संपल्याचा संदेश आला तरी सेव्ह टिकतं, त्यामुळे तेवढ्यावरून भाव पाडू देऊ नका. अॅडव्हान्सच्या अस्सल कॅसेटीत पिनांच्या वर, फटीतून पाहिलं तर निन्टेन्डोचं नाव छापलेलं दिसतं. कॅसेट फुंकून लावायची आपली जुनी सवय सोडा. तोंडातल्या ओलीने पिना काळ्या पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानकोरण्याचा कापूस, बस.

सेगाचा मेगाड्राइव्ह घेताना अडॅप्टर आधी बघा. दोन्ही मॉडेलांचे अडॅप्टर वेगळे, पहिल्याला मधली पिन निगेटिव्ह लागते आणि दुसऱ्याला पॉझिटिव्ह. मिळेल तो अडॅप्टर कापून जोडलेले सेट मी भंगारात गेलेले पाहिलेत. जपानी फॅमिकॉम कुणी गळ्यात मारत असेल तर लक्षात ठेवा, तो जपानी टीव्हीच्या चॅनल १ किंवा २ साठी केलेला आहे आणि एनटीएससी आहे. आपल्या जुन्या टीव्हीला अँटेनाच्या वायरने लावून चित्र येईल या भरवशावर राहू नका. आपल्याकडे चालले ते त्याचे भाऊबंद, ६० पिनांची कॅसेट घेणारे. डक हंटच्या बंदुकीचे वेगळे पैसे देणाऱ्याने घरी पिक्चर ट्यूबचा टीव्ही आहे का ते पाहावं, एलईडीवर ती मूळ बंदूक काम करत नाही.

भावाचं म्हणाल तर सामुराई किंवा मीडियासारख्या सेटला परदेशात विचारणारे थोडे. पैसे मिळतात ते खोकं, थर्माकोल, माहितीपत्रक शाबूत असेल तर, आणि लहानपणी जे खेळले त्यांच्याकडूनच. ९९९९९९९ इन १ च्या कॅसेटीत तेच मोजके गेम फिरून फिरून येतात, तिचा भाव त्या आकड्यावर ठरवू नका. जाहिरातीत लोक काय मागतात ते पाहून स्वतःचा भाव काढू नका. कांद्याचा भाव शेतकऱ्याच्या मनात किती आहे त्यावर ठरत नाही, बोली सुटल्यावर ठरतो. ईबेवर विकून झालेल्या वस्तू वेगळ्या बघता येतात, प्राइसचार्टिंगवर विक्रीचे जुने आकडे मिळतात. त्यातही फक्त कॅसेट, खोक्यासकट आणि सीलबंद असे तीन भाव असतात. घेणारा नेहमी पहिला दाखवतो आणि विकणारा तिसरा.

माझ्याकडे शॉ वॉलेसने भारतात आणला त्या काळातला एक मेगाड्राइव्ह २ अजून आहे. खोकं आहे, अडॅप्टर मूळचा आहे, दोन कॅसेटी आहेत, सगळ्या वस्तूंवर खुणा केलेल्या आहेत. ज्याला हवा त्याने सटाण्याला यावं, दुकानात बसून खेळून पाहावं, रोख मोजावे आणि हातात घेऊन जावं. पार्सल करणार नाही. पुण्याच्या माणसाने आगाऊ पैसे टाकले तरी नाही.