पूर, खडी आणि मालगाडी

‘रुळांवर पाणी आल्याने मालगाड्या अन्य मार्गाने वळवल्या’ अशी बातमी आपण पावसाळ्यात नेहमी वाचतो. भरलेल्या एका वाघिणीचे वजन 80 टनांच्या आसपास असते. अशा पन्नासाहून अधिक वाघिणींची गाडी गुडघाभर पाण्याला का भ्यावी? उत्तरासाठी गाडीखाली वाकून पाहावे लागेल.

रूळ स्लीपरवर, स्लीपर खडीच्या थरावर आणि खडी मातीच्या भरावावर असते. खडीचे कोनदार तुकडे एकमेकांत अडकून बसतात. त्यांच्यातील घर्षणामुळे रूळ जागचे हलत नाहीत आणि चाकांचा भार भरावावर पसरतो.

पूर आला की दोन गोष्टी घडतात. पहिली आर्किमिडीजने सांगितलेली. आपल्याकडील काळ्या दगडाची घनता पाण्याच्या सुमारे 2.8 पट असते. म्हणून बुडालेल्या खडीचे वजन तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटते. दुसरी गोष्ट वेगाची. वाहते पाणी किती जड दगड ढकलू शकेल, हे ढोबळमानाने वेगाच्या सहाव्या घातावर अवलंबून असते. वेग दुप्पट झाला, तर 2 × 2 × 2 × 2 × 2 × 2 म्हणजे 64 पट जड दगड वाहू लागतो! मोरी तुंबून पाणी रुळांवरून धावू लागले, की खडी आणि मागोमाग भरावाची माती वाहून जाते. रूळ मात्र शिडीसारखे अधांतरी लोंबत राहतात. पाण्याखालचे हे खिंडार चालकाला दिसत नाही. शिवाय इंजिनाच्या विद्युत मोटारी चाकांच्या आसांजवळच असतात. त्यांत पाणी शिरणेही धोक्याचे. म्हणून पाणी ओसरल्यावरही मार्ग तपासल्याशिवाय गाडी सोडत नाहीत.

मग गाडी वळवायची कशी? जुलै 2021 मध्ये अतिवृष्टीने कसारा–इगतपुरी मार्ग बंद पडला होता. अशा वेळी कल्याणहून भुसावळला जायचे, तर वसई, उधना, जळगाव अशी वाट आहे. नेहमीचे अंतर सुमारे 390 किलोमीटर. या वाटेने ते 590 च्या घरात जाते. घाटातला 37 फुटांना 1 फूट हा चढ आणि त्यासाठी लागणारी जादा इंजिने वाचतात, हे खरे. पण त्या मार्गावर त्याच्या स्वतःच्या गाड्या असतातच. चालकालाही तिथले सिग्नल आणि चढउतार माहीत असावे लागतात. तसा चालक आणि मोकळा मार्ग मिळेपर्यंत मालगाडी वाटेत थांबून राहते.

आणि दुसरी वाटच नसेल तर? मे 2022 मध्ये आसामच्या दिमा हसाओ जिल्ह्यात लामडिंग–बदरपूर मार्ग जागोजागी तुटला. न्यू हाफलाँग स्थानकात डोंगरावरचा चिखल घुसून उभी गाडी कलंडली. त्रिपुरा, मिझोराम आणि बराक खोऱ्याला देशाशी जोडणारा लोहमार्ग हा एकच. धान्य आणि इंधन नेणाऱ्या मालगाड्यांना जुलैत दुरुस्ती होईपर्यंत थांबावे लागले. भार रस्त्यांवर पडला, पण दरडींनी तेही खचले होते.

करून पाहा : एक दगड स्प्रिंगच्या काट्याला टांगून हवेत आणि मग पाण्यात बुडवून तोला, वजन कितव्या हिश्शाने घटले? नंतर रेल्वेचा नकाशा घ्या. आपल्या गावाजवळचा एक मार्ग पुसला गेला असे समजा आणि धान्याची गाडी कोणत्या वाटेने येईल, ते शोधा.