विमानातली जैन थाळी आणि आपल्या नाक्यावरची पन्नास ताटं



व्हिडिओत वेळ पुरला नाही, म्हणून आजचा धडा इथे सविस्तर लिहितोय. विषय ऐकून तुमच्यापैकी काही जण हसतील. कनेरगाव नाक्यावर बसून विमानातल्या जेवणाचं काय करायचं? पण आपल्या रस्त्यावरून कोण कोण जातं ते आधी बघा. अकोला-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग १६१ वाशिम-हिंगोली करत आपल्या दारातूनच जातो. नांदेडच्या हुजूर साहिबला निघालेले शीख भाविक, शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाचं दर्शन घेतलेले जैन कुटुंबं, औंढा नागनाथचे भक्त, नर्सी नामदेवला जाणारे वारकरी, पोहरादेवीचे बंजारा बांधव. मुस्लिम ट्रकचालक तर रोजचेच. भूक सगळ्यांना लागते, पण ताट प्रत्येकाचं वेगळं. विमान कंपनीचा प्रश्न नेमका हाच आहे, आणि तिने त्यावर पैसे खर्चून जे शोधून काढलंय ते आपल्याला फुकट शिकता येतं.

आधी तिची अडचण समजून घ्या. विमानाचं दार एकदा बंद झालं की आत शेगडी नाही, शेजारी किराणा दुकान नाही. जेवण काही तास आधी जमिनीवरच्या मोठ्या स्वयंपाकघरात शिजतं. मुंबईत ताजसॅट्स, अ‍ॅम्बॅसेडर्स स्काय शेफ अशा कंपन्या हे काम करतात. शिजलेलं अन्न झपाट्याने थंड करतात, ट्रे भरतात, गाडीने विमानापर्यंत नेतात. वर आकाशात ते फक्त गरम होतं. म्हणजे प्रवाशाला काय चालतं हे तो जागेवर बसल्यावर विचारून उपयोग नाही, ते आदल्या दिवशीच कळलं पाहिजे. म्हणूनच बहुतेक कंपन्या खास जेवणाची मागणी २४ तास आधी नोंदवायला सांगतात, काही जेवणांसाठी त्याहूनही आधी.

ही मागणी नोंदवायला जगभर चार अक्षरी खुणा ठरलेल्या आहेत. एव्हीएमएल म्हणजे आपल्या पद्धतीचं मसालेदार शाकाहारी. व्हीजेएमएल म्हणजे जैन: कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा असं जमिनीखालचं काही नाही. एमओएमएल मुस्लिम, केएसएमएल ज्यू लोकांचं कोशर. आणि एचएनएमएल म्हणजे हिंदू. इथेच आपली माणसं फसतात! ‘हिंदू जेवण’ म्हटलं की आजीला वाटतं वरण-भात येईल. पण ही खूण बहुतेक ठिकाणी मांसाहारी हिंदूसाठी आहे. त्यात गाईचं मांस नसतं, पण कोंबडी किंवा मटण येऊ शकतं. शाकाहारी आजीसाठी एव्हीएमएल मागायचं असतं. धर्माचं नाव घेतलं की ताटात काय आहे ते कळतंच असं नाही, हे आपल्या मेनूकार्डावरही लागू आहे.

एका बाबतीत मला कोशर जेवणाची पद्धत फार आवडते. तो डबा सीलबंद येतो, सीलबंदच गरम होतो आणि प्रवाशासमोर सील शाबूत दाखवूनच उघडला जातो. आतला पदार्थ चविष्ट असेलच असं नाही. पण ग्राहक चवीआधी विश्वास विकत घेतोय. मध्ये कुणाचा चमचा लागलेला नाही, हे त्याला डोळ्यांनी दिसतं.

आता निर्णय कसे होतात ते बघू. २०१७ मध्ये एअर इंडियाने देशांतर्गत विमानांच्या इकॉनॉमी वर्गात मांसाहारी जेवण बंद केलं. वाया जाणारं अन्न आणि खर्च कमी करणं हे कारण दिलं, शाकाहारी प्रवाशाला चुकून मांसाहारी ट्रे जाण्याची भीतीही राहणार नव्हती. टीका भरपूर झाली. माझ्या मते हिशेब समजण्यासारखा होता: कोंबडी खाणारा माणूस पनीर खाऊन उतरतो, पण शाकाहारी माणूस कोंबडीच्या ट्रेसमोर उपाशी बसतो. तरी पैसे देऊन बसलेल्या माणसाची आवड एका फटक्यात काढून घेणं मला पटत नाही. एमिरेट्सने जुलै २०१८ मध्ये ‘हिंदू जेवण’ बंद करतोय असं जाहीर केलं, भारतीय प्रवासी चिडले आणि लगेचच कंपनीला ते परत सुरू करावं लागलं. किती जण मागतात हे मोजून चालत नाही, न मिळाल्यावर किती जण दुखावतात तेही मोजावं लागतं.

सगळ्यात शिकण्यासारखा निर्णय २०२४ चा. नोव्हेंबरात एअर इंडियाने ठरवलं की हलाल प्रमाणपत्र फक्त आधी मागणी नोंदवलेल्या, ‘मुस्लिम जेवण’ असं लेबल लावलेल्या ट्रेलाच असेल. सौदी अरेबियाच्या मार्गांवर, हज यात्रेच्या विमानांसह, मात्र सगळंच जेवण हलाल. यामागचं गणित बघा. काही प्रवाशांना हलालच लागतं, आणि बऱ्याच अमृतधारी शिखांना हलाल मांस चालत नाही. मांसाच्या एका ताटात दोघांचं समाधान शक्यच नाही. म्हणून लेबल, म्हणून वेगळी मागणी. आणि जिथे जवळपास सगळे एकाच पद्धतीचे प्रवासी, तिथे सरसकट तेच.

आता आपल्या नाक्यावर या. समजा तुमची थाळी १२० रुपयांची, खर्च ७०, सुटतात ५०. पन्नास माणसांच्या बसची ऑर्डर आली. तुम्ही अंदाजाने सगळ्यांची भाजी कांदा-लसणाच्या वाटणात केली आणि सात जण जैन निघाले. सात ताटं परत, म्हणजे ४९० रुपये गेले. जवळपास दहा ताटांचा नफा त्या सात ताटांनी खाल्ला. शिवाय बसचा प्रमुख पुढच्या वर्षी दुसरीकडे थांबणार, तो तोटा वहीत दिसत नाही.

याला उपाय म्हणजे दोन स्वयंपाक नव्हेत. साधं वरण, भात, पोळी, दही बहुतेकांना चालतं. डाळ शिजवा, फोडणी घालायच्या आधी जैन ताटांपुरती वेगळ्या पातेल्यात काढा, तिला जिरं-हिंगाची फोडणी. भाजी दुधीची, दोडक्याची, ढोबळी मिरचीची किंवा कच्च्या केळाची. आल्याऐवजी सुंठ, बऱ्याच जैनांना ती चालते. आपला काळा मसाला मात्र बघून वापरा, कुणी त्यात कांदा-लसूण घालूनच कुटतं. विकतच्या मसाल्याचं पाकीट वाचा. पातेलं, पळी आणि तेल वेगळं, झाकणावर चिठ्ठी. मटणाचा धंदा चांगला चालत असेल तर तो बंद करायची गरज नाही. फक्त तिकडची कढई इकडे येऊ देऊ नका, आणि हलाल विचारलं तर मांस कुठून आणता ते खरं सांगा. माहीत नसेल तर ‘हो’ म्हणू नका.

फोनवर ऑर्डर घेताना आकडा विचारून थांबू नका. जैन किती? आज एकादशी आहे का, उपवासाचे किती? भगर चालते की फक्त साबुदाणा? उपवासाचे नियम घराघरांत वेगळे असतात, म्हणून स्वतः ठरवू नका. २०२२ च्या नवरात्रात रेल्वेच्या आयआरसीटीसीने उपवासाची थाळी प्रवाशांना मागणीनुसार पुरवली, तीही आधी नोंदणी घेऊनच. मिळालेली उत्तरं वहीत लिहा, विमानवाल्यांसारखी खूण करून: ‘जै ७, उ ४, सा ३९’. आणि थोडी आगाऊ रक्कम घ्या. पैसे दिलेला माणूस आकडा नीट मोजून सांगतो.

शेवटचा प्रश्न बरेच जण विसरतात: बस किती वाजता पोहोचणार? व्रत पाळणारे जैन सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, आणि डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या आधीच सूर्य मावळतो. बस साडेसातला येणार असेल तर त्या सात जणांचे डबे पाचच्या आत भरून ठेवा. बस सूर्यास्ताआधी कुठे असेल ते आधीच विचारून ठेवा, आणि डबे वेळेत तिथे पोहोचतील असं बघा.