लॅपटॉपमध्ये दुसरी हार्ड डिस्क

प्रश्न : घराण्यातील मोडी कागदांची छायाचित्रे लॅपटॉपमध्ये मावेनाशी झाली आहेत. सीडी ड्राइव्हच्या जागी दुसरी हार्ड डिस्क बसविता येईल काय?
– एक वाचक, तिरुवैयारू (जि. तंजावर)

उत्तर : अवश्य येईल. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी दप्तरांना संस्थेचे छत्र आहे. परंतु कावेरीकाठच्या मराठी घरांतून जे खासगी कागद उरले आहेत त्यांना आपल्यासारख्या वारसांवाचून दुसरा वाली नाही, म्हणून हे काम मला विशेष मोलाचे वाटते.

प्रथम ड्राइव्हची जाडी मोजावी. ती बहुधा १२.७ किंवा ९.५ मिलिमीटर असते, आणि त्याच मापाची सॅटा कॅडी (ड्राइव्हच्या जागी डिस्क बसविण्याची चौकट) आणावी. ९.५च्या कॅडीत ७ मिलिमीटरची डिस्क निर्वेधपणे बसते. चार्जर व बॅटरी विलग करून तळाचा, बहुधा एकच असलेला, स्क्रू काढला की ड्राइव्ह अलगद बाहेर सरकतो. त्याची दर्शनी पट्टी व मागची धातूची पट्टी कॅडीला जोडावी, अन्यथा ती डळमळते. नवी डिस्क एसएसडी असल्यास ती मूळ डिस्कच्या जागी बसवून तिच्यावर विंडोज घालावी व जुनी डिस्क कॅडीत ठेवावी, हे उत्तम. कारण काही जुन्या यंत्रांत सीडी ड्राइव्हच्या खणाची जोडणी मंदगती असते आणि तेथून यंत्र सुरू होण्यास हरकत येते.

मात्र एकाच यंत्रातील दोन्ही डिस्का चोरीत वा ईशान्य मोसमी पावसाच्या पुरात एकदमच जातील. तेव्हा आणखी एक प्रत दुसऱ्या गावच्या नातलगाकडे ठेवावी, आणि मूळ कागद कदापि टाकू नयेत.