वेदनेचा व्हॉल्यूम आणि दोन हर्ट्झचा करंट

ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून मॉर्फिन, फेंटानिल अशी ओपिऑइड गटातली, म्हणजे अफूच्या जातीची औषधं देतात. पण या औषधांची एक उलटी बाजू आहे. ऑपरेशन चालू असताना रेमिफेंटानिलसारख्या औषधाचा मोठा डोस दिला, तर काही पेशंटना नंतर उलट जास्तच दुखतं. याला 'हायपरअल्जेसिया' म्हणतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर ॲम्प्लिफायरचा गेन वाढतो. जखम तेवढीच, पण मज्जारज्जूतले एनएमडीए रिसेप्टर जास्त जागे झाल्यामुळे मेंदूकडे जाणारा सिग्नल मोठा होतो. शरीराला औषधाची नुसती सवय झाली असेल तर डोस वाढवून भागतं. इथे मात्र डोस वाढवला की दुखणंही वाढू शकतं. हा सरळ पॉझिटिव्ह फीडबॅक झाला!

मग औषध कमी कसं करायचं? एक मार्ग विजेचा आहे. ॲक्युपंक्चरच्या बिंदूंवर सुईऐवजी चिकटपट्टीचे इलेक्ट्रोड लावून काही मिलिअँपिअरचा करंट देतात. नेहमीचे बिंदू दोन: अंगठा आणि तर्जनीमधला 'हेगू', आणि मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वरचा 'नेगुआन'.

खरी गंमत फ्रिक्वेन्सीत आहे. बीजिंगचे प्रा. हान जिशेंग यांनी दाखवलं की २ हर्ट्झला शरीर एन्केफॅलिन, एंडॉर्फिन सोडतं आणि १०० हर्ट्झला डायनॉर्फिन. म्हणून यंत्र दोन फ्रिक्वेन्सी आलटून पालटून देतं. म्हणजे वेदनाशामक आपल्याच शरीरातून निघतं, बाहेरचं औषध कमी लागतं. चीनमध्ये थायरॉइडच्या ऑपरेशनांत भूल देण्याआधीपासून असा करंट देऊन पाहिला, तेव्हा नंतरची वेदना कमी आढळली. पण हे प्रयोग लहान आहेत. करंट हा औषधाच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही.

या विद्येशी आपलं जुनं नातं आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातल्या डॉ. बिजॉयकुमार बसूंनी पुढे ॲक्युपंक्चर शिकून भारतात आणलं.

एक इशारा. हे वाचून होस्टेलवर ॲडॅप्टरच्या वायरी हाताला लावू नका! वैद्यकीय यंत्रात करंटवर मर्यादा आणि मेन्सपासून आयसोलेशन असतं. पेसमेकर असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं यंत्र लावूच नये.

परभणीत फिजिओथेरपीसाठी जाल तेव्हा 'टेन्स' मशीन जरूर बघा. तत्त्व जवळपास तेच आहे. स्वस्त, सुरक्षित, बॅटरीवर चालणारा पल्स जनरेटर बनवणं हे आपलंच काम आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय शोधत असाल, तर हा घ्या. मात्र टेस्टिंग रेझिस्टरवर करा, मित्रावर नको.