हौशी नटाची घडण : तालीम, शिबिर आणि स्पर्धा

मराठी रंगभूमीच्या इतिहासलेखनात नाटककार आणि नाट्यसंहिता यांना जे स्थान मिळाले, ते नटाला क्वचितच मिळाले. त्यातही व्यावसायिक नटाची चरित्रे आणि आत्मचरित्रे उपलब्ध आहेत; परंतु दिवसभर कचेरीत, शाळेत वा दवाखान्यात काम करून सायंकाळी तालमीला जाणारा हौशी नट अभ्यासकांच्या दृष्टीआड राहिला. वस्तुतः स्वातंत्र्योत्तर मराठी रंगभूमीवरील अनेक महत्त्वाचे प्रयोग अशाच नटांनी उभे केले आहेत. हा नट कोणत्या प्रक्रियेतून घडतो, आणि मराठी नाटकाने स्वतः त्याचे कोणते चित्र रेखाटले आहे, या दोन प्रश्नांचा एकत्र विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१. 'हौशी' या संज्ञेचा अर्थ

'हौस' या शब्दाला मराठीत आवड आणि उत्साह यांबरोबरच फावल्या वेळातील रंजन अशी एक हलकी छटा आहे. त्यामुळे 'हौशी नट' म्हणजे कच्चा नट, असे समीकरण सहज रूढ होते. या समीकरणात दोन भिन्न गोष्टींची गल्लत आहे. हौशी असणे ही उपजीविकेसंबंधीची स्थिती आहे. कच्चेपणा ही कलेसंबंधीची अवस्था आहे. पहिलीतून दुसरी अपरिहार्यपणे निष्पन्न होत नाही.

पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनचा इतिहास याची साक्ष देतो. भालबा केळकरांच्या या संस्थेत डॉ. श्रीराम लागू घडले. ते कान-नाक-घसा शल्यचिकित्सक होते. वैद्यकीय व्यवसाय सांभाळून केलेल्या दीर्घ रंगसाधनेनंतर १९६९ मध्ये त्यांनी पूर्णवेळ नटाचा पेशा पत्करला आणि १९७० मध्ये 'नटसम्राट'मधील गणपतराव बेलवलकर उभा केला. ज्या भूमिकेकडे व्यावसायिक रंगभूमीचा मानदंड म्हणून पाहिले जाते, तिच्यामागील पूर्वतयारी बहुतांशी हौशी रंगभूमीवर झालेली आहे.

२. तालीम : समूहाची शाळा

हौशी नटाचे पहिले आणि प्रमुख विद्यालय म्हणजे तालीम. नाट्यवाचन, पाठांतर, हालचालींची आखणी, रंगीत तालीम हे तिचे टप्पे परिचित आहेत. परंतु या टप्प्यांपेक्षाही महत्त्वाचे शिक्षण त्यांच्या दरम्यान घडते. आपला प्रवेश नसतानाही थांबणे, दुसऱ्याचे वाक्य ऐकणे, गैरहजर नटाच्या जागी उभे राहणे, नेपथ्य लावणे आणि काढणे, या कामांतून नटाला प्रयोगाच्या समग्र रचनेचे भान येते.

१६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात प्रथम सादर झालेले 'घाशीराम कोतवाल' हे या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल व नाना फडणविसांची भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे हे दोघेही व्यवसायाने डॉक्टर. या प्रयोगाचे सामर्थ्य केवळ प्रमुख भूमिकांत नव्हते. ब्राह्मणांच्या रांगेतून साकारणारी मानवी भिंत क्षणात पडदा होते, क्षणात जमाव होते. या रांगेतील प्रत्येक नटाला भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांचे नृत्यदिग्दर्शन अंगी मुरवावे लागले. ज्याच्या वाट्याला स्वतंत्र संवाद जवळजवळ नाहीत, अशा नटाच्या शिस्तीवर संपूर्ण प्रयोग तोललेला असणे, ही दीर्घ तालमीविना अशक्य गोष्ट होय. मानधन देऊन दीर्घ तालीम घेणे व्यावसायिक निर्मात्याला परवडत नाही. हौशी संस्थेकडे पैसा नसतो, पण वेळ देणारी माणसे असतात.

३. दोन नाटकांतील हौशी नट

मराठीतील दोन अत्यंत गाजलेल्या नाटकांच्या केंद्रस्थानी हौशी नाटक मंडळीच आहे, याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही.

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) मध्ये एक हौशी संच अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी गावात येतो. नेहमीचा एक साक्षीदार येऊ न शकल्याने गावातील सामंत या नवख्या माणसाला उभे करावयाचे असते. न्यायालय कसे चालते हे त्याला कळावे म्हणून लुटुपुटीचा खटला रचला जातो, आणि आरोपी म्हणून बेणारेबाईंची निवड होते. म्हणजे नाटकाचे निमित्तच मुळी एका नवशिक्या नटाचे शिक्षण हे आहे. परंतु या तालमीत शिक्षण घडत नाही; शिकार घडते. सुखात्मे, पोंक्षे, काशीकर हे आपापल्या आयुष्यातील अपयश आणि वैफल्य भूमिकेच्या आडून बेणारेवर उगवून घेतात. भूमिका आणि व्यक्ती यांमधील अंतर पुसले गेले की अभिनयाचा खेळ क्रौर्याचे साधन कसा होतो, याचे हे विदारक दर्शन आहे. बेणारेची भूमिका करणाऱ्या सुलभा देशपांडे स्वतः छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. शिक्षिकेने शिक्षिकेची भूमिका करूनही व्यक्ती आणि पात्र यांतील अंतर राखणे, ही नाटकातील मंडळींना न साधलेली गोष्ट प्रयोगातील नटांनी साधली होती. 'रंगायन'सारख्या संस्थेतील अभ्यासाचे मोल येथे प्रत्ययास येते.

गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' (१९८०) याच विषयाची दुसरी बाजू दाखवते. कोकणातील एका गावची मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचा पौराणिक खेळ करू पाहतात आणि पावलोपावली फसतात. विनोदाचा मुख्य स्रोत भाषेत आहे. पौराणिक नाटकाची पुस्तकी मराठी नटांच्या तोंडी टिकत नाही. भान सुटताच मालवणी उसळून येते. वरकरणी ही हौशी नटाची थट्टा आहे. परंतु प्रेक्षक ज्या क्षणी मनापासून हसतो, तो नेमका नट स्वतःच्या बोलीत परत येण्याचा क्षण असतो. उसन्या भाषेत निर्जीव वाटणारा नट स्वतःच्या भाषेत जिवंत होतो, हे या नाटकाचे अनुच्चारित प्रतिपादन आहे. मच्छिंद्र कांबळी यांनी या नाटकाचे पाच हजारांहून अधिक प्रयोग केले.

पहिले नाटक सांगते की तालमीला मर्यादा आणि परस्परविश्वास हवा. दुसरे सांगते की नटाला स्वतःची वाणी हवी. हौशी नटाच्या शिक्षणाचे हे दोन पायाभूत निकष मानावयास हरकत नाही.

४. शिबिरांचे कार्य आणि मर्यादा

तालीम विशिष्ट नाटकासाठी असते. शिबिर नटासाठी असते. श्वासावरील नियंत्रण, आवाजाची फेक, निरीक्षण, मूकाभिनय, उत्स्फूर्त नाट्यप्रसंग यांचा सराव शिबिरात कोणत्याही प्रयोगाच्या दडपणाविना करता येतो. चुकण्याची मुभा हा शिबिराचा सर्वांत मोठा लाभ होय. विजया मेहता आणि सत्यदेव दुबे यांच्या मार्गदर्शनाखाली अनेक नटांनी जे शिक्षण घेतले, त्यातून संहितेचे काटेकोर वाचन हा अभिनयाचा पाया असल्याची जाणीव दृढ झाली.

मात्र शिबिराला दोन धोके संभवतात. पहिला धोका उच्चारशुद्धीच्या आग्रहाचा. स्पष्ट उच्चार आणि प्रमाण उच्चार या भिन्न गोष्टी आहेत. वऱ्हाडी, अहिराणी वा मालवणी बोलणाऱ्या नटाला 'न' आणि 'ण' यांतील भेद कळणे उपयुक्त आहे. परंतु त्यासाठी त्याच्या बोलीची लय मोडली, तर त्याच्या अभिनयाचा मूलस्रोतच आटतो. दुसरा धोका खंडिततेचा. आठ-दहा दिवसांत मिळालेले संस्कार टिकवून धरणारी संस्था गावात नसेल, तर ते विरून जातात. शिबिर हे तालमीला पूरक आहे, तिला पर्याय नव्हे.

५. स्पर्धा : प्रेरणा आणि साचा

राज्य नाट्य स्पर्धेने जिल्ह्याजिल्ह्यांतील मंडळींना दरवर्षी नाटक उभे करण्याचे निश्चित निमित्त दिले. 'शांतता!' आणि 'घाशीराम' या दोन्ही नाटकांचे नाते या स्पर्धेशी आहे. महाविद्यालयीन पातळीवर महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ मध्ये सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेने हेच कार्य केले. २०२२ मध्ये या स्पर्धेत एकही संघ करंडकास पात्र ठरला नाही. त्या निर्णयावर मतभेद झाले. परंतु स्पर्धेने मानदंडाची भूमिका घेणे म्हणजे काय, हे त्यातून स्पष्ट झाले.

स्पर्धेचा दोषही तिच्या गुणातच आहे. परीक्षकांच्या नजरेत भरण्यासाठी नट आवाज चढवतो, प्रसंग ताणतो, गतवर्षीच्या विजयी संघाची लकब उचलतो. एकाच प्रयोगासाठी केलेली तयारी एकाच प्रयोगात संपते. याउलट 'आविष्कार'ने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात चालविलेल्या चळवळीत प्रेक्षक नटाच्या अगदी निकट असे. तेथे मोठ्याने बोलण्याची गरजच उरली नाही. संयत अभिनयाचे शिक्षण त्या जागेनेच दिले.

६. समारोप

हौशी नटाची वाढ तालीम, शिबिर आणि स्पर्धा या तिहींच्या समतोलातून होते, आणि हा समतोल राखणारी शक्ती म्हणजे टिकून राहणारी नाट्यसंस्था. नट मालिकांकडे वळतात, नोकरीनिमित्त गाव सोडतात. हे थांबविणे शक्य नाही, योग्यही नाही. परंतु संस्था मोडली की शिकविणाराच नाहीसा होतो.

मराठी विभागांचे कर्तव्य येथे सुरू होते. हौशी मंडळांच्या तालीमवह्या, दिग्दर्शकाच्या टिपा, प्रॉम्प्टरच्या खुणांनी भरलेल्या संहितेच्या प्रती आजही अनेक घरांतील कपाटांत पडून आहेत. छापील संहितेत जे नाही, ते त्यांत आहे : कोणते वाक्य गाळले, कोठे थांबले, कोणता शब्द नटाने आपल्या बोलीत बदलून घेतला. हे साहित्य जिल्हावार संकलित झाले, तर मराठी नाटकाचा अभ्यास संहितेकडून प्रयोगाकडे आणि प्रयोगाकडून नटाकडे खऱ्या अर्थाने सरकेल. त्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी हे काम हाती घेणे आवश्यक आहे.